दुबईची सहल : सरकारी माणसासाठी काही व्यवहार्य सूचना

सीतापुरा हे नाव जयपूरबाहेरच्या मराठी वाचकाला ठाऊक असण्याचे विशेष कारण नाही. सांगानेरच्या दक्षिणेला, टोंक रस्त्यालगत 'रिको'ने म्हणजे राजस्थानच्या औद्योगिक महामंडळाने वसवलेली ही वसाहत. रत्ने आणि दागिन्यांच्या निर्यातीसाठीचे विशेष आर्थिक क्षेत्र येथेच आहे. डिसेंबरात जवाहिऱ्यांचे मोठे प्रदर्शन भरते ते अधिवेशन केंद्रही येथेच. येथे पैलू पाडलेले खडे आणि घडवलेले दागिने ज्या शहरांकडे जातात त्यांत दुबईचे नाव पहिल्या काहींत येते. शिवाय सांगानेरचा विमानतळ हाकेच्या अंतरावर असून त्याला २९ डिसेंबर २००५ रोजी आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. त्यामुळे सीतापुऱ्यातील माणसाला दुबई ही मुंबईपेक्षा फार लांब वाटत नाही. साडेतीन तासांच्या आत माणूस तेथे पोहोचतो आणि घड्याळ दीड तास मागे करावे लागते, एवढाच काय तो परदेश.

याचा परिणाम रजेच्या अर्जांवर दिसतो. एके काळी अर्जांत हरिद्वार, तिरुपती, फार तर अंदमान ही नावे असत. आता लिपिकापासून अधिकाऱ्यापर्यंत अनेकांच्या अर्जांत दुबई असते. अर्ज टेबलावर ठेवताना बहुतेक जण हळूच विचारतात, "साहेब, अजून काय काय बघून घ्यावे लागेल?" या प्रश्नाचे उत्तर तुकड्यातुकड्यांनी अनेकांना दिले. ते एकदा सलग लिहून ठेवावे, या हेतूने हा लेख. उंच इमारतींची वर्णने यात फारशी नाहीत, ती अन्यत्र भरपूर मिळतात. सहल सुरू होण्याआधीच्या आणि संपतानाच्या ज्या गोष्टी माणसाला अडचणीत आणतात त्यांचाच येथे विचार केला आहे.

प्रथम परवानगी, मग तिकीट

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला खासगी परदेश प्रवासासाठी सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. रजा मंजूर होणे आणि देश सोडण्याची परवानगी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. विहित नमुन्यात प्रवासाचा देश, कालावधी, अंदाजित खर्च, त्या पैशांचा स्रोत आणि मागील खासगी परदेश प्रवासांचा तपशील द्यावा लागतो. कार्मिक विभागाच्या २७ जुलै २०१५ च्या ज्ञापनाने यात एक चांगली सुधारणा केली. अर्ज मिळाल्यापासून २१ दिवसांत निर्णय कळवला गेला नाही, तर परवानगी मिळाली असे कर्मचाऱ्याने समजावे, अशी मुभा त्यात आहे. प्रशासनात मौनाला संमतीचा अर्थ देणारे नियम फार थोडे आहेत आणि हा त्यांपैकी एक. मात्र ही मुभा वापरायची असेल तर अर्जाची पोच तारखेसह आपल्याजवळ असली पाहिजे. पोच नसेल तर २१ दिवस कोठून मोजणार? प्रवासाच्या किमान दोन महिने आधी अर्ज द्यावा, हे उत्तम.

दुसरा प्रश्न हमखास येतो तो रजा प्रवास सवलतीचा. ही सवलत भारतातील प्रवासासाठीच आहे, तिच्यात दुबई बसत नाही. "भारतातले शेवटचे ठिकाण दाखवून मधल्या वाटेवर परदेश करून आलो तर?" असे विचारणारे चतुर लोक प्रत्येक कार्यालयात असतात. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा ४ नोव्हेंबर २०२२ चा निकाल पाहावा. स्टेट बँकेच्या कर्मचाऱ्यांनी भारतातील एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना परदेशाचा वळसा घेतला होता. अशा प्रवासाला आयकरातील सूट मिळत नाही आणि त्या रकमेवर बँकेने करकपात करायला हवी होती, असे न्यायालयाने ठरवले. वळसा कितीही ऐटदार असला तरी सवलतीचा हेतू स्वदेशदर्शनाचा आहे, हे त्या निकालाचे सार.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. सीतापुऱ्यातील अनेक निर्यातदारांची दुबईत कार्यालये आहेत आणि काहींच्या सदनिकाही. "साहेब, हॉटेलवर कशाला खर्च करता, आपला फ्लॅट रिकामाच आहे," हे वाक्य येथे अगदी सहज आणि बहुधा मनापासून उच्चारले जाते. राजस्थानी माणसाचे आतिथ्य खोटे नसते. तथापि १९६४ च्या आचरण नियमांत भेटीच्या व्याख्येत फुकट प्रवास, निवास आणि भोजन यांचा समावेश आहे. जवळचा नातेवाईक किंवा ज्याच्याशी कार्यालयीन संबंध नाही असा व्यक्तिगत मित्र, एवढेच अपवाद. ती सदनिका दुबईतील कंपनीच्या नावावर असेल तर प्रकरण आणखी पुढे जाते. परकीय अंशदान विनियमन अधिनियम, २०१० च्या कलम ६ नुसार शासकीय सेवकाने परदेशात असताना परकीय आतिथ्य स्वीकारण्यासाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. म्हणजे चार रात्रींच्या मुक्कामाची बचत एकाच वेळी दोन नियमांच्या कात्रीत सापडते. ज्यांच्या फाइली आपल्या टेबलावर येतात त्यांच्या छताखाली झोपू नये, हा नियम छापलेला नसता तरी पाळावा असाच आहे. नम्रपणे हात जोडून नकार दिल्यास सज्जन माणूस रागावत नाही, आणि जो रागावतो त्याचा फ्लॅट नाकारला हेच बरे झाले.

केव्हा जावे

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला दुबईचे दर समजायला अवघड नाहीत. विमानातील आसने आणि हॉटेलांतील खोल्या ठरावीक असतात, मागणी मात्र ऋतूप्रमाणे चढते-उतरते. नोव्हेंबर ते मार्च हवा सुखद असते आणि दर चढे. डिसेंबरचा शेवटचा आठवडा सर्वांत महाग. जून ते सप्टेंबर पारा चाळिशीच्या पुढे असतो, शिवाय समुद्राचा दमटपणा, म्हणून दर उतरलेले. "आम्ही जयपूरचे, आम्हाला उन्हाचे काय?" असे म्हणणाऱ्यांनी जयपूरचे ऊन कोरडे असते हे विसरू नये. तेथे संध्याकाळीही अंगाची काहिली कमी होत नाही. नोव्हेंबरचा पूर्वार्ध, दिवाळी आटोपल्यावरचा, किंवा मार्चचा आरंभ हा हवा आणि खर्च यांचा समतोल साधणारा काळ आहे.

रमजान मात्र पाहून घ्यावा. आपल्या पंचांगात चांद्र आणि सौर वर्षांचा मेळ घालण्यासाठी अधिक मास असतो, म्हणून दिवाळी कधी जूनमध्ये येत नाही. हिजरी वर्षात अधिक मास नाही. ते सुमारे ३५४ दिवसांचे असते, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. २०३० या एकाच इंग्रजी वर्षात तो दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात. सध्याची काही वर्षे तो नेमका पर्यटनाच्या सुखद ऋतूत येतो. रमजानमध्ये जाऊ नये असे मुळीच नाही. संध्याकाळनंतरचे शहर त्या काळात पाहण्यासारखे असते. परंतु दिवसा रस्त्यावर खाणेपिणे टाळावे आणि वेळापत्रके बदललेली असतात हे गृहीत धरावे. साप्ताहिक सुटीही आता बदलली आहे. १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुटी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम अशी सरकारी व्यवस्था आहे. जुन्या मार्गदर्शिका अजून शुक्रवार-शनिवार सांगतात.

पासपोर्टावरील नाव

दुबईसाठी भारतीय पर्यटकाला सामान्यतः आधी व्हिसा काढावा लागतो. अमेरिका, ब्रिटन वा युरोपचा वैध व्हिसा अथवा वास्तव्याचा परवाना असलेल्यांना वेगळी सोय आहे, ती ज्याने त्याने पाहावी. पासपोर्टाची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. २०२४ च्या अखेरपासून परतीचे तिकीट आणि निवासाचा पुरावा यांबाबत तपासणी कडक झाली. त्यामुळे "तिथे गेल्यावर बघू" ही आपली लाडकी पद्धत येथे उपयोगाची नाही.

खरी अडचण नावाची. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिरातींनी ठरवले की ज्याच्या पासपोर्टावर केवळ एकच शब्द नाव म्हणून आहे, म्हणजे आडनावाची किंवा नावाची जागा रिकामी आहे, त्याला पर्यटक व्हिसावर प्रवेश नाही. राजस्थानच्या खेड्यांतील कितीतरी स्त्रियांच्या कागदपत्रांत केवळ 'गीता' किंवा 'संतोष' एवढेच नाव असते. आपल्या मराठी घरांत प्रश्न निराळा आहे. पासपोर्ट माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने आणि तिकीट भाच्याने तिसऱ्याच क्रमाने काढलेले, हा प्रकार सर्रास दिसतो. आपल्याकडे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव असा क्रम. संगणकाला मात्र 'दिलेले नाव' आणि 'आडनाव' एवढेच दोन रकाने कळतात. तिकीट आणि व्हिसा दोन्ही पासपोर्टावरील अक्षरांबरहुकूम असावेत. घरातील प्रत्येकाचा पासपोर्ट तिकिटापूर्वी उघडून पाहावा, विशेषतः आईचा. तो बहुधा कोणीच उघडलेला नसतो.

पैशांचा हिशेब

थोडा इतिहास येथे उपयोगी पडेल. आखातातील अनेक राज्यांत १९६० च्या दशकापर्यंत भारतीय रुपया चालत असे. सोन्याच्या चोरट्या व्यापारातून आपली परकीय गंगाजळी झिरपू लागली, म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या भागासाठी निराळा 'गल्फ रुपया' काढला. जून १९६६ च्या अवमूल्यनानंतर त्या राज्यांनी रुपयाशी असलेले नाते सोडले. १९७३ मध्ये दिरहाम आला आणि १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ दिरहाम हा दर कायम आहे. याचा व्यवहारातील अर्थ असा की दिरहामचा भाव म्हणजे डॉलरचाच भाव. २००७ च्या अखेरीस डॉलर ४० रुपयांच्या आतबाहेर होता तेव्हा दिरहाम पावणेअकरा रुपयांना मिळे. २०२४ च्या अखेरीस डॉलर ८५ च्या वर गेला तेव्हा दिरहामला २३ रुपयांहून अधिक द्यावे लागत. म्हणून दहा वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मेव्हण्याने सांगितलेल्या खर्चावर अंदाजपत्रक बेतू नये.

अंदाजपत्रक करताना तिकीट आणि हॉटेल यांशिवाय चार गोष्टी धराव्यात. हॉटेलच्या बिलात खोलीमागे दर रात्रीचा 'टुरिझम दिरहाम' वेगळा लागतो. १ जानेवारी २०१८ पासून पाच टक्के मूल्यवर्धित कर आहे. ठरावीक किमतीवरील खरेदीवर पर्यटकाला त्याचा परतावा मिळू शकतो, पण त्यासाठी दुकानातच पासपोर्ट दाखवून नोंद करावी लागते आणि निघताना विमानतळावर ती पडताळून घ्यावी लागते. कार्डाने पैसे देताना यंत्र विचारते, रुपयांत की दिरहामात? रुपये पाहून माणसाला आपलेपणा वाटतो आणि तो फसतो. त्या सोयीचा दर महाग असतो, तेव्हा नेहमी दिरहामच निवडावा. चौथी बाब आपल्याकडची. परदेशी सहलीच्या पॅकेजवर १ ऑक्टोबर २०२० पासून उगमस्थानी करसंकलन सुरू झाले. आरंभी ते पाच टक्के होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात लाखांवरील रकमेला वीस टक्के दर लागला आणि त्यानंतरही मर्यादा बदलत राहिल्या. आरक्षणाच्या दिवशीचा दर सहल कंपनीकडून लेखी घ्यावा. ही रक्कम बुडत नाही, ती आपल्या आयकरात वळती होते. ऑक्टोबर २०२४ पासून नोकरदाराला ती कार्यालयाला कळवून पगारातील करकपात तेवढी कमी करून घेता येते. आस्थापनेतील फार थोड्यांना हे माहीत आहे.

पिशवीतील खसखस

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मराठी गृहिणी प्रवासाला निघाली की डबे भरते. दिवाळीनंतरची सहल असेल तर अनारसे आलेच आणि अनारशांवर खसखसही. कांदा-लसूण मसाल्यातही ती असते. अमिरातींमध्ये खसखस निषिद्ध आहे, अमली पदार्थांच्या यादीतील आहे. आम्हा राजस्थानात नोकरी करणाऱ्यांना याचे नवल वाटते, कारण चित्तोडगड आणि प्रतापगड भागांत केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोच्या परवान्याने अफूची शेती होते. अफूचा चीक सरकारकडे जातो आणि खसखस राजरोस बाजारात. आपल्या कायद्याने चीक आणि बी यांत भेद केला आहे, त्यांच्या कायद्याने केलेला नाही. तेथील अधिकाऱ्याला आपल्या सणावारांची माहिती असण्याचे कारण नाही. त्याला पांढरट बारीक दाणे दिसतात, एवढेच. विड्याची पाने आणि चघळण्याचे पदार्थही नेऊ नयेत.

औषधांचे तसेच. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध आणि ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके तेथे नियंत्रित आहेत. ट्रॅमाडॉल आपल्याकडेही एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थ कायद्याखाली आले आहे, तरी कितीतरी घरांच्या गुडघेदुखीच्या डब्यात त्याची पाकिटे पडून असतात. ज्येष्ठांना बरोबर नेत असाल तर डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावे लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी घ्यावी, गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवाव्यात. नियंत्रित औषध घेणे अपरिहार्य असेल तर त्यांच्या आरोग्य विभागाची ऑनलाइन पूर्वपरवानगी काढावी. सासूबाईंची पिशवी तपासणे सुनेला अवघड वाटते. ते काम मुलाने करावे.

आणखी एक वाक्य येथे, जवाहिऱ्यांच्या शहरात, कानावर येते : "जाताय ना, मग एवढी पुडी तेवढी तिकडे द्या." आणि परतीसाठी : "येताना एवढे घेऊन या, तिकीट आमचे." पुडीत काय आहे हे विचारण्याच्या फंदातही पडू नये. सरळ नाही म्हणावे. जयपूरच्या विमानतळावर लपवून आणलेले सोने पकडल्याच्या बातम्या वारंवार येतात आणि पकडला जातो तो बहुधा वाहून आणणारा, मालक नव्हे. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात अटकेची आणि खटल्याची तरतूद आहे. सरकारी नोकर ४८ तासांहून अधिक काळ कोठडीत राहिला तर १९६५ च्या नियमांनुसार तो निलंबित झाला असे मानले जाते. तीस वर्षांची सेवा आणि निवृत्तिवेतन एका पुडीच्या तराजूत घालण्यासारखे काहीही या जगात नाही.

स्वतःच्या सोन्याविषयीही गैरसमज फार. "बाईला ४० ग्रॅम, पुरुषाला २० ग्रॅम चालते," हे ज्याच्या त्याच्या तोंडी असते. ही सवलत एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्यासाठी आहे, आठवड्याच्या पर्यटकासाठी नाही. सवलतीच्या दराने सोने आणण्यासाठीही किमान सहा महिने परदेशी वास्तव्य लागते. शिवाय जुलै २०२४ मध्ये आपल्याकडील सोन्यावरील आयातशुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आल्यावर दोन्हीकडच्या भावांतील अंतर बरेच घटले. घडणावळ धरली तर हौसेपलीकडे त्यात फारसा अर्थ नव्हता. शुल्काचे दर बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी चालू दर पाहावा. उलट, येथून अंगावर पाटल्या, बांगड्या, जड मंगळसूत्र घालून जाणार असाल तर निघताना सीमाशुल्क काउंटरवर त्याचे निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे. परतताना 'हे आमचेच' हे सिद्ध करणे त्याने सोपे होते. त्याहून सोपे म्हणजे दागिने लॉकरमध्ये ठेवून जाणे.

तेथे गेल्यावर

शहर फिरण्यासाठी ९ सप्टेंबर २००९ रोजी सुरू झालेली मेट्रो उत्तम. 'नोल' कार्ड घ्यावे, डब्यात काही खाऊ नये, स्त्रियांसाठी राखीव डब्यात पुरुषांनी शिरू नये. रस्ता नेमून दिलेल्या ठिकाणीच ओलांडावा, दंड जबर असतो. परक्यांचे, विशेषतः स्त्रियांचे, फोटो काढू नयेत. रागाच्या भरात व्हॉट्सॲपवर पाठवलेली शिवीसुद्धा तेथे गुन्हा ठरू शकते. व्हॉट्सॲपवरून बोलणे तेथे सहसा चालत नाही, केवळ मजकूर जातो. घरी आजी-आजोबांना हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर फोन लागत नाही म्हणून ते रात्रभर जागे राहतात.

काय पाहावे? ८२८ मीटरची बुर्ज खलिफा आहेच, वरच्या मजल्याचे तिकीट सूर्यास्ताच्या वेळी सर्वांत महाग असते. परंतु माझ्या मते दुबई समजते ती खाडीच्या काठी. बर दुबईहून देऱ्याला एका दिरहामात नेणारी लाकडी 'आब्रा', अल फहिदीची जुनी वस्ती, मसाल्यांचा आणि सोन्याचा बाजार यांत अर्धा दिवस सहज जातो. शाकाहारी जेवणाची चिंता नको, करामा आणि बर दुबईत भारतीय खानावळी पुष्कळ आहेत.

एक दिवस अबू धाबीसाठी ठेवावा, बर दुबईतील अल घुबैबा स्थानकावरून तेथे बस जाते. शेख झायेद मशीद २००७ मध्ये खुली झाली. तिचा अंगभर वस्त्रांचा नियम स्त्री-पुरुष दोघांनाही आहे. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेले स्वामीनारायण मंदिर राजस्थानच्या गुलाबी वालुकाश्मात उभे आहे. आपल्याच प्रदेशातील दगड समुद्रापलीकडच्या वाळवंटात पाहताना जयपूरच्या माणसाला वेगळेच वाटते. दोन्ही ठिकाणी जाण्यापूर्वी प्रवेशाची नोंदणी आणि वेळा पाहून घ्याव्यात.

प्रवास विमा काढावाच. १६ एप्रिल २०२४ रोजी दुबईत नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासूनचा सर्वांत मोठा पाऊस झाला आणि तेथील विमानतळ कित्येक तास कोलमडला. २३ जून २०२५ च्या रात्री युद्धजन्य स्थितीमुळे आखातातील आकाशमार्ग अचानक बंद झाले होते. आखाताच्या शांततेवर आंधळा भरवसा ठेवू नये. आरक्षणापूर्वी आणि निघण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचाव्यात. दुबईतील भारतीय वाणिज्य दूतावासाचा क्रमांक कागदावर लिहून ठेवावा, आणि रजेच्या शेवटी दोन दिवस हाती राखावेत.

त्याच विमानातील दुसरा प्रवासी

येथवरचा मजकूर सुटीवर जाणाऱ्यांसाठी झाला. परंतु जयपूरहून दुबईला जाणाऱ्या विमानात आपल्या शेजारी बहुधा सीकर, झुंझुनू किंवा चुरूचा एखादा तरुण बसलेला असतो. त्याच्या हातातही कधी कधी पर्यटक व्हिसाच असतो, आणि तो सहलीला निघालेला नसतो.

दोन वर्षांपूर्वी सीतापुऱ्यातील खडे घासणाऱ्या एका कारागिराने मला चहाच्या टपरीवर गाठले. मी दुबईला जाऊन आल्याचे त्याने कोणाकडून तरी ऐकले होते. मुलाला तिकडे कामाला पाठवायचे होते. एजंटाने सांगितले होते की आधी 'घूमने का वीज़ा', मग तिथे गेल्यावर नोकरीचा. पासपोर्ट एजंटाकडे जमा होता, काही हजार रुपयेही. "साहब, आप भी तो इसी वीज़ा पर गए थे," असे तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने त्याचे म्हणणे चूक नव्हते. कागद खरोखर तोच होता.

मी त्याला समजावले की पर्यटक व्हिसावर काम करणे तेथे गुन्हा आहे. मुदत संपल्यावर दररोज दंड चढतो, मजुरी बुडाली तर दाद मागण्याची सोय उरत नाही. परदेशी नोकरीसाठी १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. ज्यांच्या पासपोर्टाला उत्प्रवासन तपासणी लागू आहे त्यांना अमिरातींत कामाला जाण्यासाठी 'ई-मायग्रेट' प्रणालीतून मंजुरी घ्यावी लागते. एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे तेथेच पाहता येते, आणि त्याला घेता येणारा सेवाशुल्क तीस हजार रुपये अधिक कर यापलीकडे नाही. या कामासाठीचे 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' यांचे कार्यालय जयपुरातही आहे. पासपोर्ट हा १९६७ च्या कायद्याप्रमाणे भारत सरकारची मालमत्ता आहे, एजंटाने तो अडवून ठेवण्याचा प्रश्नच नाही. हे शेवटचे वाक्य मी त्याला कागदावर हिंदीत लिहून दिले.

त्या कागदाच्या जोरावर पासपोर्ट परत मिळाला. पैसे मिळाले नाहीत. मुलगा अजून सीतापुऱ्यातच, वडिलांच्या शेजारी घाटावर बसून खडे घासतो. त्याला जायचे आहेच, आणि त्याने जाऊ नये असे मी म्हणणार नाही. मजुरीतील तफावत एवढी असताना माणसे जाणारच, एवढे अर्थशास्त्र मलाही कळते. त्याने योग्य व्हिसावर जावे, एवढेच. पण हेही कबूल केले पाहिजे की सरळ मार्गाची माहिती इंग्रजी संकेतस्थळाच्या चौथ्या पानावर असते आणि वाकड्या मार्गाचा दलाल चहाच्या टपरीवर हिंदीत बोलतो. जोवर हे अंतर आहे, तोवर कायदा कितीही चांगला असला तरी दलालाचे फावणार.

म्हणून शेवटची सूचना ही. आपल्या सहलीसाठी आपण जेवढी विचारपूस करतो, परवानगी, विमा, परतीचे तिकीट, तेवढीच एकदा आपल्या कार्यालयातील शिपायाच्या, माळ्याच्या, कंत्राटी सफाई कामगाराच्या घरातून कोणी आखातात निघाले असेल तर त्याच्यासाठी करावी. तीन प्रश्न पुरेत : व्हिसा कोणता, एजंट नोंदणीकृत आहे का, पासपोर्ट कोणाच्या हातात आहे? दहा मिनिटांचे काम आहे आणि त्यासाठी कोणाची पूर्वपरवानगीही लागत नाही.